द्वारा

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर, मंगळवारी साडेदहाला
आयोग ठरवतो, काय दुखतं ते.
माझं काम त्याआधीचं: पाकिटं फोडणं, तारखेचा शिक्का, गोषवारा.
कोंकणीतला संताप सरकारी भाषेत आणताना
थोडा निवतो. त्याला इलाज नाही.

टेबलावर खनिजाचा एक दगड आहे.
केप्याच्या पुतू वेळीपने अर्जासोबत पाठवलेला, पुरावा म्हणून,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीच्या चार गाठी मारून.
पंखा फार जोरात असतो इथे. तो दगड आता
इतरांच्या अर्जांवर ठेवतो आम्ही.
कागदांच्या कडा तांबूस होतात.

आज चौतीस.
कायतान फुर्तादो, वय एक्क्याऐंशी:
पंचायतीला सात पायऱ्या, माझ्या खुर्चीला चाकं.
तुरुंगातून एक: कोठडीत पंखा नाही.
खाली निराळ्या अक्षरात: घड्याळही नाही.
एका शाळेतून: मुलींच्या संडासाला आतून कडी हवी.
नदीकाठच्या वाड्यावरून त्रेसष्ट सह्या, रात्रीच्या गाण्याविरुद्ध,
आणि त्याच वाड्यावरून एक सुटी सही,
की ते गाणं वाजतं म्हणून माझी चूल पेटते.

मस्कारेन्हस बाई म्हणतात, आधी तुरुंग.
केंकरे म्हणतात, धोरणाचं काय असेल ते घेऊ,
कडी काय, कुणीही लावील.
(कुणी लावली नाही म्हणून तर ती इथवर आली,
हे मी म्हणत नाही. मी इतिवृत्त लिहिते.)
तपासनीस एक, तोही रजेवर. गाडी गॅरेजात.
सगळंच घेतलं तर काहीच होणार नाही,
असं म्हणून अध्यक्ष दगड उचलतात,
बाजारात कलिंगड तोलावं तसा तोलतात,
ठेवून देतात.

क्रमांक सत्तावीस कानडीत होता,
सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या कागदावर.
खालच्या कँटीनमधल्या मल्लप्पाकडून वाचून घेतला.
शिवगंगव्वा तळवार. नवरा परांचीवरून पडला.
गावचं स्मशान गावच्यांसाठी, म्हणाले.
टेंपो तीन गावं फिरला, तिला खोलीवरच थांबवलं होतं,
परत आला तेव्हा रिकामा होता.
भरपाईचं अक्षर नाही अर्जात. एवढंच विचारते,
कुठे जाळलं?
पत्ता: कामावर.

नियम असा, की पत्ता नसेल तर नोंद नाही,
नोंद नसेल तर नोटीस नाही,
आणि नोटीस नसेल तर कुणी कुणाला उत्तर देणं लागत नाही.
केंकरे म्हणाले, पुढचा.
अध्यक्ष माझ्याकडे, किंवा माझ्यामागच्या घड्याळाकडे, पाहून म्हणाले,
पत्ता असता तर घेतला असता.

तिथे माझं पेन थांबलं.
इतिवृत्तात संकेतार्थ लिहीत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.
'कामावर'च्या पुढे जागा होती, तिथे लिहिलं:
द्वारा सुलक्षा च्यारी, रायबंदर,
फेरीधक्क्याच्या वरच्या अंगाला, निळं दार.

पुढच्या मंगळवारी सत्तावीस पुन्हा निघाला.
केंकऱ्यांनी पत्ता वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.
मस्कारेन्हस बाईंनी पाण्याचा पेला सरकवला, माझ्याकडे.
कुणी काही विचारलं नाही.
घेतला.

काल संध्याकाळी पोस्टमन दारात हसला:
बाई, पाठवणारी सही तुमची, घेणारीही तुमचीच?
पाकिटात एक ओळ: तुमची तक्रार दाखल करून घेतली आहे.
कडेला तांबूस बोट.

उद्या पहाटेच्या बसने म्हापशाला,
जिथे मजूर कामाची वाट पाहत उभे असतात तिथे.
मल्लप्पाने कानडीतले तीन शब्द घोटून घेतलेत माझ्याकडून.
एक 'कागद'. एक 'अजून नाही'.
तिसरा तिचं नाव,
तेच अजून नीट येत नाही.